९०० बँडमधून ५ मेगाहर्ट्झ काढताना: कामाच्या नोंदी

काम असं: ९०० मेगाहर्ट्झ बँडमध्ये आमच्याकडे १० मेगाहर्ट्झची जोडी आहे. फोनकडून टॉवरकडे ८९० ते ९००, टॉवरकडून फोनकडे ९३५ ते ९४५. सगळी टूजीकडे, म्हणजे जीएसएमकडे. त्यातली खालची ५ मोकळी करून एलटीईला, म्हणजे ४जीला, द्यायची. मुख्य भागात ६४ साइट आणि भोवती ३१ साइटचं बफर कडं. फळ्यावर 'सहा आठवडे' लिहिलं होतं. लागले चौदा. पुढे ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी, जे चुकलं तेच जास्त लिहितोय.

१२ जानेवारी

पहिला दिवस हिशेबात गेला. जीएसएमचा एक कॅरियर, म्हणजे एक रेडिओ वाहिनी, २०० किलोहर्ट्झचा, त्यामुळे आमच्या तुकड्यात १ ते ४९ असे ४९ कॅरियर बसतात. एलटीई ८९० ते ८९५ मध्ये बसवलं की १ ते २५ गेले. उरले २६ ते ४९, म्हणजे २४.

बैठकीत अपेक्षित प्रश्न आलाच: टूजीची गर्दी निम्म्याच्याही खाली आलीय, मग निम्मे कॅरियर काढायला एवढा विचार कशाला?

विचार बीसीसीएचमुळे. प्रत्येक सेक्टरचा, म्हणजे साइटच्या एका दिशेच्या सेलचा, एक कॅरियर बीसीसीएचचा असतो. फोन तोच ऐकून सेल ओळखतो, शेजारच्या सेलची ताकदही त्यावरूनच मोजतो. म्हणून तो चोवीस तास पूर्ण पॉवरवर चालतो. कॉल नसेल तर पोकळ बर्स्ट सोडत राहतो, आणि आमच्या पद्धतीत हॉपिंगही, म्हणजे कॅरियर बदलत उड्या मारणंही, करत नाही. शेजारी तोच कॅरियर पुन्हा वापरता येत नाही. पुस्तकातला नमुना चार साइट, बारा सेक्टर, बारा कॅरियर असा आहे. जमिनीवर साइट षटकोनात उभ्या नसतात, त्यामुळे आम्ही पंधरा वापरत होतो. सेलमध्ये एक कॉल असो की तीस, हे बारा-पंधरा लागतातच. भाडेकरू कमी झाले म्हणून घरभाडं कमी होत नाही, तसं.

ठरलं ते असं: ३६ ते ४९ हे चौदा बीसीसीएचला, ३५ मध्ये मोकळा, २६ ते ३४ हे नऊ हॉपिंगला. हॉपिंगवाले मुद्दाम एलटीईच्या बाजूला ठेवले. ते कॉल असेल तेव्हाच बोलतात, पॉवर कंट्रोलमुळे हळू बोलतात. बीसीसीएच एलटीईच्या कुंपणाला लावला असता तर चोवीस तास कटकट.

रेडिओ युनिटमध्ये दोन पोर्ट, प्रत्येकी ४० वॉट. आत्ता चार टीआरएक्स, म्हणजे एकेक कॅरियर चालवणारे रेडिओ, २० वॉटवर चालतात, म्हणजे युनिट भरलेलं. एलटीईला दोन्ही पोर्टवर २० वॉट द्यायचे तर दोन टीआरएक्स जाणारच. इथे पहिला चटका बसला. चार टीआरएक्सचे ३२ टाइमस्लॉट, त्यातला एक बीसीसीएचला, एक सिग्नलिंगला, कॉलसाठी ३०. दोन टक्के ब्लॉकिंग (शंभरात दोन कॉल अडणं) धरून एरलांग-बी हे सूत्र सांगतं २१.९ एरलांग, म्हणजे सरासरी एका वेळी तितके कॉल. दोन टीआरएक्सवर कॉलसाठी १४ स्लॉट, म्हणजे ८.२ एरलांग. टीआरएक्स निम्मे, क्षमता ३७ टक्के. हाफ रेटवर एका स्लॉटमध्ये दोन कॉल बसतात म्हणून निभावेल असं धरलं.

१९ जानेवारी

कागदावरच पकडली गेलेली चूक, म्हणून स्वस्तात सुटलो.

सात गर्दीच्या साइटवर जुनी कॅबिनेट ठेवून प्रत्येक सेक्टरला दोन हॉपिंग टीआरएक्स द्यायचे होते. एका साइटवर सहा. नऊही कॅरियर सगळ्या सेक्टरांना सामाईक आणि कोणी कुठल्या पायरीवरून निघायचं ते एमएआयओ ठरवतो. एकाच साइटवरचे दोन टीआरएक्स एकाच क्षणी शेजारच्या कॅरियरवर येऊ नयेत म्हणून एमएआयओ एक सोडून एक देतात. मी दिले ०, २, ४, ६, ८, आणि सहाव्याला १, 'एवढं एक चालवून घेऊ' म्हणून.

प्लॅनिंगमधल्या सहकारी बाईंनी शीट बघून विचारलं, "० आणि ८ शेजारी नाहीत असं धरलंय का तुम्ही?"

"नाहीत ना. एक २६वर, दुसरा ३४वर."

"पहिल्या क्षणाला. पुढच्या क्षणी चाक एक घर सरकलं की ०वाला २७वर येतो आणि ८वाला फिरून २६वर."

बरोबर होतं त्यांचं. बेरीज नऊच्या चक्रात होते, त्यामुळे ० आणि ८ मधलं अंतर आठ नाही, उलट्या बाजूने एक आहे. नऊपैकी आठ क्षणी ते दोघे शेजारी असतात. म्हणजे नऊ कॅरियरमध्ये स्वच्छ एमएआयओ पाच नाहीत, चारच. सहा हवे असतील तर किमान बारा कॅरियर लागतात, ते माझ्याकडे नाहीत. त्या सात साइटवर फक्त सगळ्यात भरलेल्या सेक्टरला दुसरा हॉपिंग टीआरएक्स ठेवला, बाकी दोघांना एकेक. १ + १ + २. कॅबिनेट ठेवायचा अर्धा फायदा गेला, पण घोळ हवेत जायच्या आधी मिटला.

२७ जानेवारी

यादी. टूजीवर नक्की कोण राहतं हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस धरले होते, सात गेले.

आयएमईआयच्या पहिल्या आठ अंकांवरून उपकरणाचं मॉडेल कळतं, त्यावरून गट पाडले. साधे बटणांचे फोन अपेक्षेपेक्षा कमी निघाले. एलटीई आहे पण व्होल्टी, म्हणजे एलटीईवरूनच कॉल करायची सोय, नाही असे फोन अपेक्षेपेक्षा जास्त. ते डेटाला एलटीईवर असतात आणि कॉल आला की टूजीवर उतरतात. तिसरा गट माणसांचा नाहीच. वीजमीटर, कार्ड मशीन, लिफ्टमधले आपत्कालीन फोन, गाड्यांचे ट्रॅकर. दिवसा यांचं अस्तित्व जाणवत नाही. रात्री बाराला मात्र आलेख टाचणीसारखा उभा राहतो. 'बघू नंतर' असा शेरा मारून मी पुढे गेलो. १४ मार्चची नोंद बघा.

साइटची यादी डेटाबेसमधून घेतली, 'चालू' हा फिल्टर लावून. हे वाक्यही लक्षात ठेवा.

४ फेब्रुवारी

रिट्यूनची, म्हणजे नवे कॅरियर लावायची, रात्र. खिडकी साडेबारा ते साडेचार. ९५ साइट, २८५ सेल, सगळ्यांचे बीसीसीएच एका रात्रीत बदलायचे. टप्प्याटप्प्याने का नाही? करून बघितलं कागदावर. जुना आराखडा आणि नवा आराखडा जिथे भिडतात त्या सीमेवर प्रत्येक टप्प्याला नवीन भांडणं. एकदाच उडी बरी.

स्क्रिप्ट ४१ मिनिटांत चालून गेली. सेल उठले, कॉल लागले. ड्राइव्ह टेस्टची गाडी फिरायला लागल्यावर दिसलं की काही सेलकडे एकही हँडओव्हर, म्हणजे चालू कॉल एका सेलवरून दुसऱ्याकडे जाणं, होत नाहीये. फेल होतोय असं नाही, प्रयत्नच होत नाहीये. फोन त्या सेलच्या अगदी पायथ्याशी जाऊन कॉल तुटेपर्यंत जुन्याला धरून बसतो.

शेजार-यादी तपासली, बरोबर. पुन्हा लोड केली, तेच. तासभर त्यात गेला. मग लक्षात आलं की बंद पडलेल्या सगळ्या शेजाऱ्यांचा बीएसआयसी ५ने सुरू होतो.

चौदा कॅरियर २८५ सेलमध्ये वाटले की प्रत्येक कॅरियर वीसेक वेळा परत येतो. त्यांना वेगळं ओळखायला बीएसआयसी असतो: दोन आकडे, एनसीसी आणि बीसीसी, दोन्ही ० ते ७. आधी तीन एनसीसी पुरत होते, आता पुरेनात म्हणून मी ५ हा चौथा घेतला. पण कुठल्या एनसीसीचे शेजारी मोजून कळवायचे हे प्रत्येक सेल फोनला आठ बिटांच्या एका मास्कमधून सांगतो, आणि त्या मास्कमध्ये ५ची परवानगीच नव्हती. फोन आज्ञाधारक. त्यांना तो सेल ऐकू येत होता, पण कळवायचं नाही असं आम्हीच सांगून ठेवलेलं.

दुरुस्ती एका बिटाची. सापडेपर्यंत ३:५० वाजले. रोलबॅक करायची वेळ ४:०० ठरलेली होती.

७ फेब्रुवारी

एका तळघरातल्या पार्किंगमधून तक्रार: तीन दिवसांपासून रेंज शून्य. वरच्या मजल्यावर सगळं छान.

तिथे रिपीटर आहे आणि तो चॅनल-निवडक आहे, म्हणजे ठरवून दिलेले कॅरियरच वाढवतो. त्याला सात नंबर सांगून ठेवला होता. बाहेरच्या सेलने सात सोडून चव्वेचाळीस धरला, हे रिपीटरला कोण सांगणार? जिथे आता कोणीच बोलत नाही ती शांतता तो इमानदारीने वाढवून तळघरात ऐकवत होता.

असे नऊ निघाले. बहुतेकांना लांबून हात लावता येत नाही, लॅपटॉप आणि सिरियल केबल घेऊन जागेवर जावं लागतं. दोघांचे पासवर्ड कोणाकडेच नव्हते. बसवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. ते दोन बदलून बँड-निवडक लावले आणि गेन मुद्दाम कमी ठेवला, कारण बँड-निवडक रिपीटर उद्या एलटीईच्या भागातला गोंगाटही वाढवणार. चार दिवस गेले. रिट्यूनच्या आधी रिपीटरची यादी करा, आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या प्रकारचा आहे ते लिहा. माझ्या यादीत फक्त पत्ते होते.

११ फेब्रुवारी

टीआरएक्स काढले. दुसऱ्याच संध्याकाळी कंजेशन, आणि तेही हिशेबात अगदी आरामात बसणाऱ्या सेलवर. ८.२ एरलांगची क्षमता, गर्दी साडेपाचची, तरी कॉल अडतायत.

एका सेलचे स्लॉट बोटाने मोजले. बीसीसीएच एक, सिग्नलिंग एक, पुढचे चार डेटाला कायमचे राखीव. कोणे एके काळी एज हाच मोबाइल इंटरनेट होता तेव्हा कोणीतरी प्रत्येक सेलला चार स्थिर पीडीसीएच, म्हणजे डेटाचे स्लॉट, देऊन ठेवले होते, आणि ३२ स्लॉटमध्ये ते कोणाला खुपले नाहीत. १६मध्ये खुपले. कॉलला उरले दहा, म्हणजे ५.०८ एरलांग. हाफ रेटनेही हात दिला नव्हता, कारण तो किती टक्के भरल्यावर चालू व्हायचा त्याची मर्यादा ९० होती आणि तिथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे.

स्थिर पीडीसीएच एकावर आणला, आता कॉलला १३ आणि ७.४ एरलांग. हाफ रेट ६० टक्क्यांवर सुरू. संध्याकाळी आलेख सपाट झाला. डेटाला एकच स्लॉट ठेवल्याबद्दल मीटरवाले नंतर भेटलेच.

१८ फेब्रुवारी

एलटीई चालू. ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे २५ रिसोर्स ब्लॉक, प्रत्येकी १८० किलोहर्ट्झ, एकूण ४.५ आणि दोन्ही कडांना पाव-पाव मेगाहर्ट्झ मोकळं. खाली येणारा मध्य ९३७.५, ईएआरएफसीएन, म्हणजे एलटीईचा वाहिनी क्रमांक, ३५७५. इमारतींच्या आत जिथे १८०० पोहोचत नव्हता तिथे फोनवर एलटीई दिसायला लागलं. एक रात्र बरी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी व्होल्टी नसलेल्या फोनवरून तक्रारी: कॉल लागायला फार वेळ लागतो. मोजलं. आधी सहा-सात सेकंद लागत, आता अकरा-बारा. फोन एलटीईवर असतो, कॉल आला की एलटीई त्याला सांगतं, 'टूजीवर जा, हे कॅरियर बघ.' ती यादी १८००च्या एलटीई सेलमध्ये महिनाभरापूर्वीची होती: १ ते १५. फोन तिथे जाऊन शोधत, काही सापडत नसे, मग अख्खा बँड धुंडाळून ३६-४९मध्ये पोहोचत. आम्ही ९००वर काम करत होतो म्हणून १८००च्या सेलकडे कोणी बघितलंच नाही. यादी बदलली, वेळ पुन्हा सातच्या आत.

२३ फेब्रुवारी

या नोंदीला सगळ्यात जास्त वेळ लागला.

उत्तरेकडच्या पाच-सहा सेलमध्ये एलटीईचा सिग्नल जोरदार आणि वेग रडका. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) मस्त, एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) शून्याच्या आसपास. काही फोन सेल पकडायलाच खूप वेळ घेत. अँटेना, केबल, घड्याळ, सगळं बघून झालं. एक रेडिओ युनिट बदललंसुद्धा. ते चांगलं होतं, बदलायची गरज नव्हती.

शेवटी अपलिंकचा, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या बाजूचा, गोंगाट ब्लॉकनिहाय काढला. पंचवीस खांबांचा आलेख, क्रमांक ० ते २४. ब्लॉकमागे गोंगाट साधारण −११८ डीबीएमच्या आसपास असायला हवा, तसा तेवीस खांबांचा होता. ११ आणि १२ हे दोनच वर आलेले, जवळजवळ सारख्या उंचीचे. एलटीईचा स्वतःचा त्रास असा दोनच ब्लॉकमध्ये बसत नाही. ही २०० किलोहर्ट्झची जीएसएमची सही आहे.

मग उलटा हिशेब. ब्लॉक ८९०.२५पासून सुरू होतात. ब्लॉक ११ हा ८९२.२३ला सुरू होतो, ब्लॉक १२ हा ८९२.५९ला संपतो, दोघांची शिवण ८९२.४१वर. दोघांना सारखाच त्रास म्हणजे त्रास देणाऱ्याचा मध्य त्या शिवणीजवळ. ८९०मध्ये ०.२ गुणिले कॅरियर क्रमांक मिळवायचा: ८९२.४ म्हणजे १२ नंबर. आमचाच जुना बीसीसीएच.

तोच बारा खालच्या दिशेला ९३७.४वर येतो, एलटीईच्या मध्यापासून जेमतेम १०० किलोहर्ट्झवर. फोन ज्यावरून सेल शोधतो ते सिंक्रोनायझेशन सिग्नल आणि मूळ माहितीचा चॅनल मधल्या सहा ब्लॉकमध्येच असतात. शिवाय २० वॉट ४.५ मेगाहर्ट्झवर पसरवणारा एलटीई आणि तेच २० वॉट २०० किलोहर्ट्झमध्ये ओतणारा बीसीसीएच: त्या अरुंद पट्टीत दुसरा साडेतेरा डीबीने वरचढ. बरं, बीसीसीएच असल्याने गप्प बसायचा प्रश्नच नाही. जोरदार सिग्नल आणि रडका वेग, दोन्हींचा उलगडा झाला.

पण हा बारा सोडतंय कोण? ९५ साइटपैकी कोणीच नाही. दिशादर्शक अँटेना आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर घेऊन दोन दिवस फिरलो. पहिला दिवस परावर्तनामागे वाया गेला, काचेची मोठी भिंत खोटी दिशा दाखवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एका इमारतीच्या लॉबीत सुई भिंतीला चिकटली. आमचीच इनडोअर सिस्टीम. डेटाबेसमध्ये तिची स्थिती अजून 'नियोजित'. बसवून, चालू करून तीन वर्षं झालेली, रकाना कोणी बदलला नाही, आणि माझ्या 'चालू' फिल्टरने तिला गाळून टाकलं.

कॅरियर बदलायला चार मिनिटं. शोधायला पाच दिवस, दोन माणसं आणि एक निष्कारण बदललेलं युनिट. त्या रात्री फिल्टर काढून संपूर्ण डेटाबेसची तुलना प्रत्यक्ष कंट्रोलरमध्ये, म्हणजे सेल चालवणाऱ्या यंत्रणेत, नोंद असलेल्या सेलशी केली. आणखी दोन निघाल्या. यादी कंट्रोलरमधूनच काढायची, डेटाबेस माणसं भरतात.

२ मार्च

छोटी गोष्ट. ब्लॉक २४मध्ये संध्याकाळी गोंगाट चढतो. तो वरच्या कडेचा ब्लॉक, त्याला लागून २६ नंबरचा जीएसएम कॅरियर. आमच्या टॉवरजवळ उभा पण लांबच्या टूजी सेलला जोडलेला फोन दोन वॉटने ओरडतो, त्याची कड इकडे सांडते. आणि नेमक्या कडेच्या ब्लॉकमध्येच एलटीईचा अपलिंक कंट्रोल चॅनल, पीयूसीसीएच, असतो. तो आत सरकवला, कडेचा ब्लॉक दोन्ही बाजूंनी रिकामा सोडला. पंचवीसातले दोन गेले. हॉपिंगमधून २६ काढायचाही विचार केला, पण मग नऊचे आठ होतात. नाही केलं.

१४ मार्च

वीजमीटर. रात्री बाराच्या ठोक्याला एका भागातले सगळे मीटर एकदम वाचन पाठवतात, कारण सगळ्यांना एकाच दिवशी एकाच माणसाने '००:००' भरून दिलंय. चार पीडीसीएच असताना ते रेटून जात. आता एकच स्थिर, बाकीचे मागणीनुसार मिळतात. पण मागणी एका सेकंदात येते तेव्हा आधी अॅक्सेस चॅनलवरच चेंगराचेंगरी होते. अपयशी ठरलेले पुन्हा प्रयत्न करतात, तेही ठरावीक अंतराने, म्हणजे पुन्हा सगळे एकदमच.

त्यातली एक जात विशेष त्रासदायक. रिट्यूनच्या रात्री नेटवर्क गेलं, तेव्हापासून तिचं मॉड्यूल गप्प. वीज काढून लावली की चालू. मीटरची वीज काढायची म्हणजे ग्राहकाची काढायची. एकेक करून माणूस पाठवावा लागला.

मीटर बघणाऱ्यांशी तीन बैठका झाल्यावर वेळ बारा ते चारमध्ये पसरवायचं त्यांनी मान्य केलं. बदल लांबून करता येत होता, तीन बैठका फक्त कोणी करायचा यावर. नवीन मीटर एनबी-आयओटीचे, म्हणजे अशा उपकरणांसाठीच्या अरुंद पट्ट्याच्या तंत्राचे, घेणार म्हणतात. २०१६च्या रिलीज १३मध्ये ते आलं, १८० किलोहर्ट्झमध्ये भागतं, एलटीईच्या एका ब्लॉकमध्येही बसतं. आहेत त्या मीटरचं आयुष्य अजून बरंच शिल्लक आहे, हे मात्र त्यांनी हसून सांगितलं.

७ एप्रिल

९०० मार्गी लागल्यावर वरून नवी कल्पना आली: २१००च्या १० मेगाहर्ट्झवर एलटीई आहेच, तिथे डीएसएस लावून त्याच जागेत ५जी चालवा, कोणाला काढायला नको, कोणाला दुखवायला नको. बारा साइटवर चाचणी.

कागदावरचा हिशेब मी आधीच दाखवला होता. एक ब्लॉक, एक मिलिसेकंद: बारा सबकॅरियर गुणिले चौदा सिंबॉल, १६८ खणं. पहिले दोन सिंबॉल एलटीईच्या कंट्रोलला, तिसरा ५जीच्या कंट्रोलला. उरले अकरा सिंबॉल, १३२ खणं. एलटीईचे सीआरएस, म्हणजे संदर्भ-सिग्नल, कोणी ऐको न ऐको, कायम चालू असतात. चार पोर्ट असतील तर या अकरात त्यांची १६ खणं. ५जीच्या डेटाला ११६, त्यातून त्याचे स्वतःचे संदर्भ-सिग्नल अजून वजा. एकट्या ५जीला एक कंट्रोल सिंबॉल सोडून १५६ मिळाले असते. दोन पिढ्या एका खोलीत ठेवल्या की दोघींचं भाडं एकाच खोलीतून वसूल होतं.

चूक इथेही झाली. ५जीचा एसएसबी, म्हणजे फोन ज्यावरून ५जी सेल शोधतो तो सिग्नल, सलग चार सिंबॉल मागतो आणि सीआरएसच्या मध्ये सलग चार मोकळे कधीच मिळत नाहीत. म्हणून एक सबफ्रेम, म्हणजे एक मिलिसेकंदाचा तुकडा, एमबीएसएफएन म्हणून जाहीर करतात, तिथे सीआरएस सुरुवातीच्या कंट्रोलपुरतेच राहतात. ०, ४, ५ आणि ९ या सबफ्रेम तशा करता येत नाहीत, त्यामुळे आम्ही एसएसबी १मध्ये ठेवला. टेम्प्लेट भरणाऱ्याने मोजणी एकपासून केली आणि एमबीएसएफएन २वर लागली. एसएसबीच्या अंगावर सीआरएस. फोनवर ५जीचं चिन्ह येई-जाई. दोन दिवस हँडसेटला दोष दिला.

दुरुस्त केल्यावरही निकाल संमिश्र. सेलच्या कडेला ५जीचा वेग अपेक्षेपेक्षा कमी, कारण ५जी आपल्याच सेलच्या सीआरएसला वळसा घालतं. शेजारच्या सेलचे सीआरएस मात्र थेट त्याच्या डेटावर पडतात. ज्या सेलमध्ये ५जी फोन थोडे, तिथे सगळ्यांचा मिळून वेग घटला. चिन्ह मात्र सगळीकडे दिसलं, आणि वरच्यांनी आधी तेच बघितलं. पाच साइटवर ठेवलं, सातवरून काढलं. माझ्या मते त्या पाचमधल्या दोनवरही नको होतं.

१९ एप्रिल

बैठकीत विचारलं गेलं: उरलेले ५ कधी? एलटीई १०चा झाला तर ब्लॉक पंचवीसचे पन्नास.

उत्तर म्हणून चाचणीचा निकाल ठेवला. २८ ऑक्टोबर २०२४ला ऑस्ट्रेलियात थ्रीजी बंद होताना एक भानगड समोर आली होती: काही फोन रोजचे कॉल ४जीवर करतात, पण आपत्कालीन क्रमांक लावला की थ्रीजीकडेच धावतात. ते फोन नेटवर्कवरून रोखावे लागले. आम्ही यादीतली सर्वाधिक वापराची ४० मॉडेल शील्डेड खोलीत, चाचणीच्या नेटवर्कवर, टूजी बंद करून तपासली. ३६ ठीक. एक मॉडेल सॉफ्टवेअर अपडेटनंतर ठीक. तीन मॉडेल साधा कॉल व्होल्टीवर लावतात आणि आपत्कालीन कॉलला टूजी शोधत बसतात, स्क्रीनवर 'कॉल होत आहे' एवढंच.

ती तीन मॉडेल वापरणाऱ्यांची संख्या बैठकीत सांगितली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "एवढेच?" उत्तर कोणी दिलं नाही, पण तारीखही पडली नाही. २६ ते ४९ जागेवर. लिफ्टच्या फोनची यादी अजून अर्धीच झालीय, ती पुढच्या आठवड्यात. या वेळी कंट्रोलरमधून.